गळाच्या काठीवरील कड्या व त्यांची द्रव्ये

गळाच्या काठीवरील कड्या : गळाने मासे पकडण्याच्या काठीवर मुठीपासून शेंड्यापर्यंत ठराविक अंतरांवर बसविलेली व दोऱ्याला वाट करून देणारी वलये. मुठीजवळच्या फिरकीवरून (रिळावरून) निघालेला दोरा या कड्यांतून ओवला जातो आणि शेंड्याच्या कडीतून बाहेर पडून पाण्यात उतरतो. मासा गळाला लागला म्हणजे त्याची ओढ दोऱ्यातून कड्यांवर व कड्यांमार्फत काठीवर पडते. काठी वाकते ती या कड्यांच्या आधाराने. त्यामुळे काही दशांश ग्रॅ. ते काही ग्रॅ. वजनाच्या या वस्तूंवर दोऱ्याची सुरक्षितता आणि काठीची कार्यक्षमता या दोन्ही गोष्टी अवलंबून असतात. कडीच्या आतील कडेवर डोळ्यांना न दिसणारी एक चीर असली, तरी दोरा तेथे खरवडला जातो आणि एरवी सहज पेलला असता अशा ओढीखाली तुटतो.

आधुनिक कडीचे दोन भाग असतात. बाहेरील धातूच्या भागास चौकट म्हणतात. तिचे एक किंवा दोन पाय दोऱ्याचे वेढे व रोगण यांच्या साहाय्याने काठीवर पक्के केलेले असतात. चौकटीत बसविलेले, दोऱ्याशी प्रत्यक्ष संबंध येणारे गुळगुळीत वलय हा दुसरा भाग होय. कडीच्या द्रव्याचा प्रश्न मुख्यतः या आतील वलयाचा आहे. या द्रव्यांचा इतिहास काठीच्या इतिहासापेक्षा दोऱ्याच्या इतिहासाशी अधिक निगडित आहे. नव्या प्रकारचा दोरा वापरात आला, की प्रचलित कड्या अपुऱ्या पडू लागत व नव्या द्रव्याचा शोध सुरू होई, असेच बहुधा घडत आले आहे.

कडीपूर्व काळ : प्रारंभीच्या काठ्यांना कड्या नव्हत्या, कारण त्यांची गरज नव्हती. इ. स. २०० च्या सुमारास क्लॉडियस ईलिएनस या रोमन लेखकाने मॅसिडोनियातील मच्छीमारांचे वर्णन केले आहे. त्यांची काठी सु. सहा फूट लांबीची असून दोराही तेवढ्याच लांबीचा असे व तो काठीच्या शेंड्याला बांधलेला असे. इंग्लंडमध्ये १४९६ साली विंकिन द वर्ड या मुद्रकाने गळाच्या शिकारीवरील एक प्रबंध छापून प्रसिद्ध केला. त्यातील दोराही घोड्याच्या शेपटीच्या केसांचा पीळ देऊन केलेला व शेंड्याला बांधलेलाच आहे. अशा साधनाने धरलेला मासा मोठा निघाला, तर त्याला देण्यास जास्तीचा दोरा शिकाऱ्याजवळ नसे. काठीची लवचिकता व शिकाऱ्याचे पाय एवढ्यावरच त्याची भिस्त असे.

कोकणच्या किनाऱ्यावर आजही काही ठिकाणी काठीशिवाय नुसत्या हातदोऱ्याने गरवतात. तेथे कडीचे काम शिकाऱ्याची तर्जनी करते. जोरकस मासा पळू लागला म्हणजे दोरा बोटाला कापतो व भाजतोही. कडीच्या द्रव्याचे झीज व उष्णता हे दोन मूलभूत प्रश्न या अनुभवात सामावलेले आहेत.

फिरकीचा सर्वांत जुना ज्ञात पुरावा चिनी आहे. मा युआन या चित्रकाराच्या सु. ११९५ मधील एका चित्रात हिवाळी जलाशयावर नावेत बसलेल्या एकाकी शिकाऱ्याच्या काठीला फिरकी दाखविलेली आहे. इंग्रजीत फिरकीचा उल्लेख टॉमस बार्कर यांच्या १६५१ मधील पुस्तकात आढळतो. आयझाक वॉल्टन यांचा द कंप्लीट अँग्लर हा ग्रंथ १६५३ साली प्रथम प्रसिद्ध झाला आणि पुढील आवृत्त्यांत वाढत गेला. सामन मासा धरताना काठीच्या शेंड्याला तारेचे एक वलय बसवून त्यातून दोरा हवा तितका सोडण्याची पद्धत त्यात नोंदविलेली आहे. कडीच्या इतिहासाचा आरंभ या तारेच्या वलयापासून धरता येईल.

सैल कड्या व उभ्या कड्या : फिरकीचा प्रसार झाल्यावर शेंड्याचे एकच वलय पुरेसे होईना. दोरा काठीलगत राहावा व ओढ काठीच्या सर्व लांबीवर वाटली जावी म्हणून तिच्या अंगावर अनेक कड्या बसविण्यात येऊ लागल्या. एकोणिसाव्या शतकातील काठ्यांवर या कड्या बहुधा सैल असत. पितळ, जर्मन सिल्व्हर (तांबे, जस्त व निकेल यांची मिश्रधातू) किंवा पोलाद यांच्या तारेची लहान वलये धातूच्या पट्टीने काठीला अडकविलेली असत आणि काठी बाजूला ठेवली, की ती काठीवर आडवी पडत. काठी गुंडाळून नेण्यास ही व्यवस्था सोयीची होती. परंतु दोरा फेकताना कडी लोंबत राहून त्याला अडवीत असे आणि ओला दोरा तिला चिकटून बसे.

त्या काळात घोड्याच्या केसांचा दोरा जाऊन त्याच्या जागी विणलेल्या रेशमाचा, जवसाच्या तेलाने भिजवून वाळविलेला दोरा रूढ झाला. हा दोरा जड व एकसंध असल्यामुळे तो काठीच्या झोक्याने लांब फेकता येई. मात्र त्यासाठी कडी स्थिर व उघडी असणे आवश्यक होते. यातून काठीवर कायम उभ्या राहणाऱ्या कड्या आणि तारेला सर्पाकार वळण देऊन केलेल्या दोन पायांच्या कड्या पुढे आल्या. कृत्रिम माशीच्या (फ्लाय) काठीवर सर्पाकार कडी आजही मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. काठीतही त्याच सुमारास स्थित्यंतर घडले. बांबूच्या चिंबट्या तासून व चिकटवून केलेल्या षट्कोनी काठ्या अमेरिकेत व इंग्लंडमध्ये लोकप्रिय झाल्या. त्यांच्यासाठी आरंभी भारतातून जाणारा ‘कलकत्ता’ बांबू वापरीत असत. पुढे त्याची जागा चीनमधील टोंकिन बांबूने घेतली.

वाळूचा प्रश्न : धातूच्या कड्या वापरात येताच त्यांच्या आतील कडेवर चर पडू लागल्याचे दिसून आले. रेशमासारख्या मऊ धाग्याने पोलादाला चर पडावेत हे वरकरणी नवल वाटते. याचे कारण दोऱ्यात नसून दोऱ्याने आणलेल्या कणांत आहे. नदीच्या व समुद्राच्या पाण्यात वाळूचे सूक्ष्म कण तरंगत असतात व ते ओल्या दोऱ्याला चिकटतात. वाळू मुख्यत्वे क्वॉर्ट्झची असते आणि मोस यांच्या कठिनता मापक्रमात क्वॉर्ट्झची कठिनता ७ आहे. पितळ व जर्मन सिल्व्हर यांची कठिनता याहून पुष्कळच कमी, तर सामान्य पोलादाचीही बरीच कमी असते. म्हणून दोरा कडीतून हजारो वेळा ये-जा करताना घासकागदासारखे कार्य करतो. एकदा चर पडला, की त्याची धारदार कड उलट दोऱ्यालाच कापू लागते. समुद्राच्या मिठाचे स्फटिक मात्र मऊ (कठिनता सु. २·५) असतात, ते कडी झिजवीत नाहीत, धातू गंजवितात.

क्वॉर्ट्झची ही कठिनता म्हणजे कडीच्या द्रव्याने ओलांडावयाचा पहिला उंबरठा होय. पुढील सु. शंभर वर्षांतील प्रयत्न हा उंबरठा ओलांडण्यासाठी होते.

अकीक व पोर्सिलीन : एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्या शतकाच्या आरंभी उत्तम काठ्यांवर अकिकाची वलये बसविण्यात येऊ लागली. अकीक हा सिलिकेचा सूक्ष्मस्फटिकी प्रकार असून दख्खनच्या लाव्हा खडकांतील पोकळ्यांत आढळणारा खनिज म्हणून तो महाराष्ट्रात परिचित आहे. त्याची कठिनता ६·५ ते ७ असून त्यास अतिशय सुंदर झिलई देता येते. दोऱ्याच्या दृष्टीने एवढा गुळगुळीत पृष्ठभाग पूर्वी उपलब्ध नव्हता. तथापि अकिकाची कठिनता वाळूच्या जवळपास बरोबरीची आहे, अधिक नाही. शिवाय तो ठिसूळ आहे. काठी खडकावर आपटली किंवा कडीवर दाब आला, तर त्याला केसासारखी चीर जाते आणि ती रंगीत पट्ट्यांमध्ये दिसून येत नाही.

अकीक महाग असल्याने सर्व कड्या त्याच्या करणे परवडत नसे. म्हणून तो फक्त दोन जागी, म्हणजे मुठीकडील पहिल्या कडीत व शेंड्याच्या कडीत, वापरीत असत. या दोन ठिकाणी दोऱ्याची दिशा सर्वांत जास्त बदलते आणि घर्षणही सर्वाधिक होते. सर्वोत्तम द्रव्य जेथे घर्षण जास्त तेथे वापरावे, हे त्या काळी काटकसरीतून आलेले तत्त्व यांत्रिक दृष्ट्याही योग्य होते व ते आजही पाळले जाते. अकिकाची नक्कल करणारी रंगीत काचेची व पोर्सिलिनाची वलयेही प्रचारात होती. पोर्सिलीन स्वस्त व गुळगुळीत असले, तरी त्याचे वलय जाड ठेवावे लागे आणि आघाताने ते फुटे.

पोलाद, क्रोमियम व टंगस्टन कार्बाइड : दोन महायुद्धांच्या दरम्यान धातुविज्ञानातील प्रगतीचा फायदा या लहानशा वस्तूलाही मिळाला. अगंज पोलाद १९१३ पासून ज्ञात होते. विद्युत् विलेपनाने क्रोमियमाचा कठीण मुलामा देण्याची पद्धत १९२०–३० या दशकात व्यापारी प्रमाणावर आली. अगंज पोलादाच्या तारेवर क्रोमियमाचा मुलामा दिलेली कडी हलकी, स्वस्त व न फुटणारी होती. क्रोमियमाचा थर वाळूहून कठीण असतो. परंतु तो फार पातळ असल्यामुळे एकदा झिजला किंवा खरवडला गेला, की खालचे मऊ पोलाद उघडे पडते व तेथे चर झपाट्याने खोल होत जातो.

टंगस्टन कार्बाइड हे कठीण द्रव्य धातू कापण्याच्या हत्यारांसाठी जर्मनीत विकसित झाले. क्रुप कंपनीने ते १९२६ च्या सुमारास ‘विडिया’ या नावाने बाजारात आणले. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीने १९२८ पासून त्याला ‘कार्बोलॉय’ हे नाव दिले. टंगस्टन कार्बाइडाचे चूर्ण कोबाल्टात बांधून व भट्टीत भाजून वलये तयार करण्यात येऊ लागली. विशेषतः दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या सागरकिनाऱ्यावरील लांब काठ्यांवर ती लोकप्रिय झाली. वाळूचा उंबरठा या द्रव्याने निर्विवादपणे ओलांडला. परंतु त्याची घनता पाण्याच्या सु. १५ पट असल्याने कडी जड होई, वलय आघाताने तडकत असे आणि समुद्राच्या पाण्यात बंधक कोबाल्ट हळूहळू झिजून पृष्ठभाग खडबडीत होई.

याच काळात दोरा व फिरकी या दोहोंत मोठे बदल झाले. ॲल्फ्रेड होल्डन इलिंगवर्थ या इंग्लिश वस्त्रोद्योजकांनी १९०५ साली स्थिर रिळाच्या फिरकीचे एकस्व (पेटंट) घेतले. या फिरकीवरून दोरा वेटोळ्यांच्या स्वरूपात सुटतो. ही वेटोळी सामावून घेण्यासाठी पहिली कडी मोठ्या व्यासाची करून पुढील कड्या क्रमाने लहान कराव्या लागल्या. मोठी कडी म्हणजे अधिक वजन, त्यामुळे द्रव्याच्या घनतेला नवे महत्त्व आले. ड्यूपाँट कंपनीने १९३८ साली नायलॉनाची घोषणा केली व थोड्याच काळात त्याचा एकपदरी दोरा गळासाठी उपलब्ध झाला. नायलॉन बारीक, बळकट व न कुजणारे आहे. मात्र ते उष्णतेने मऊ होते. रेशमाचा दोरा वितळत नसे, नायलॉनाचा वितळू शकतो. त्यामुळे झिजेच्या प्रश्नाबरोबर उष्णतेचा प्रश्नही प्रथमच गंभीरपणे पुढे आला.

खोल समुद्रातील ट्यूना, मार्लिन यांसारख्या प्रचंड माशांसाठी या प्रश्नाचे वेगळे उत्तर शोधण्यात आले. तेथे वलयाऐवजी लहान रूळ बसविलेल्या कड्या वापरतात. रूळ दोऱ्याबरोबर फिरत असल्याने घर्षण कमी होते. अशा कड्या जड असतात आणि रुळांच्या धारव्यांना वारंवार तेल द्यावे लागते; म्हणून फेकण्याच्या काठीवर त्या उपयोगी पडत नाहीत.

घर्षण व उष्णता : वाकलेल्या काठीवरून जाणारा दोरा अनेक कड्यांवर थोडाथोडा वळत जातो. प्रत्येक वळणावर घर्षणामुळे त्यातील ताण बदलतो. एकूण फरक घर्षणांक व एकूण वळणाचा कोन यांच्या गुणाकारावर अवलंबून असून तो घातांकी नियमाने वाढतो. एक उदाहरण घेऊ. मासा ५० न्यूटन प्रेरणेने (सु. ५ किग्रॅ. वजनाइतक्या ओढीने) दोरा नेत आहे, दोऱ्याचा वेग सेकंदास ३ मी. आहे व कड्यांवरील त्याचे एकूण वळण ९०° आहे असे समजू. घर्षणांक ०·२ असल्यास फिरकीकडील ताण सु. ३६·५ न्यूटन राहतो; म्हणजे सु. १३·५ न्यूटन प्रेरणा घर्षणात खर्च होऊन सु. ४० वॉट दराने उष्णता निर्माण होते. घर्षणांक ०·१ असल्यास हा दर सु. २२ वॉटपर्यंत उतरतो. गुळगुळीतपणाचे महत्त्व यावरून स्पष्ट होते.

या उष्णतेचा काही भाग धावता दोरा बरोबर नेतो, काही वलयात शिरतो. अर्धा ग्रॅ. वजनाच्या ॲल्युमिनियम ऑक्साइडाच्या वलयात ५ वॉट दराने उष्णता शिरली व ती बाहेर पडू शकली नाही, तर त्याचे तापमान दर सेकंदास सु. १२° से. इतके वाढेल. प्रत्यक्षात काही उष्णता चौकटीतून व हवेत निघून जाते. परंतु ती किती लवकर निघते हे वलयाच्या उष्णता संवाहकतेवर ठरते. मासा पळताना फिरकीवरून निघणारा दोरा बव्हंशी कोरडा असतो, त्यामुळे पाण्याने मिळणारे शीतलन त्या वेळी अत्यल्प असते. दोरा धावत असतो तोवर त्याचा कोणताही एक बिंदू वलयावर सेकंदाच्या काही सहस्रांश भागापुरताच टेकतो. मासा एकाएकी थांबला, की दोऱ्याचा एकच भाग तापलेल्या वलयावर ताणाखाली स्थिर राहतो. खरा धोका त्या क्षणी असतो.

भारतातील महसीर हा मासा पहिल्या दीर्घ व वेगवान धावेसाठी प्रसिद्ध आहे. हेन्री सलिव्हन टॉमस यांच्या द रॉड इन इंडिया (१८७३) या ग्रंथाने तिची ख्याती इंग्लंडपर्यंत पोहोचविली. अशा माशाच्या बाबतीत वरील विचार केवळ तात्त्विक राहत नाही.

सिरॅमिक वलये : सध्या प्रचलित असलेल्या कड्यांचे युग १९७० च्या सुमारास सुरू झाले. जपानमधील शिझुओका येथील फुजी कोग्यो या कंपनीने ॲल्युमिनियम ऑक्साइडाची वलये बसविलेल्या कड्या बनविल्या. अमेरिकेत त्यांचा प्रसार करण्यात ॲलाबामातील काठी-उत्पादक ल्यू चिल्ड्रे यांचा मोठा वाटा होता. ॲल्युमिनियम ऑक्साइडाच्या स्फटिकरूपाला कुरुविंद म्हणतात. त्याचे पाश्चात्त्य भाषांतील ‘कोरंडम’ हे नाव दक्षिण भारतातील भाषांतून गेले असून ते संस्कृत कुरुविंद या शब्दाशी संबंधित आहे. माणिक व नील ही रत्ने म्हणजे रंगीत कुरुविंदच होत. या द्रव्याची कठिनता ९ आहे. त्याचे शुद्ध चूर्ण साच्यात दाबून व वितळबिंदूच्या खालील उच्च तापमानास भाजून वलय तयार करतात आणि मग त्यास झिलई देतात. ते गंजत नाही, त्याची घनता (सु. ३·९) पोलादाच्या निम्मी आहे व उष्णता संवाहकता अगंज पोलादापेक्षा अधिक आहे. स्वस्त, हलके व वाळूला दाद न देणारे हे द्रव्य थोड्याच वर्षांत जगभर रूढ झाले.

याच्याही पुढचे पाऊल म्हणजे सिलिकॉन कार्बाइड होय. एडवर्ड ॲचेसन यांनी १८९१ साली अमेरिकेत कोक व माती विद्युत् भट्टीत तापविताना हे द्रव्य मिळविले व त्याला ‘कार्बोरंडम’ असे नाव दिले. अपघर्षक म्हणून जे द्रव्य जवळजवळ शतकभर इतर वस्तू झिजविण्यासाठी वापरले गेले, तेच १९८०–९० या दशकापासून न झिजणारी कडी म्हणून उपयोगात येऊ लागले. अपघर्षकाचे कण धारदार असतात, तर वलयाचा पृष्ठभाग हिऱ्याच्या चूर्णाने घोटून आरशासारखा केलेला असतो. द्रव्य तेच असूनही हा उलट परिणाम मिळतो, यावरून कठिनतेइतकेच महत्त्व झिलईला आहे हे लक्षात येते. सिलिकॉन कार्बाइडाची कठिनता ९ ते ९·५ असून उष्णता संवाहकता ॲल्युमिनियम ऑक्साइडाच्या कित्येक पट आहे. त्यामुळे स्पर्शबिंदूवरील उष्णता सबंध वलयात त्वरित पसरते. घनताही केवळ सु. ३·२ आहे. किंमत व ठिसूळपणा हे त्याचे दोष होत.

झिरकोनियम ऑक्साइडाच्या वलयांचाही वापर होतो. हे द्रव्य सिरॅमिकांमध्ये विशेष चिवट असल्याने त्याचे वलय बारीक करता येते व ते सहसा तडकत नाही, परंतु ते जड (घनता सु. ६) आहे आणि त्याची उष्णता संवाहकता ॲल्युमिनियम ऑक्साइडाच्या सु. दशांश एवढीच आहे. या तीन द्रव्यांच्या तुलनेतून असे दिसते, की सर्व गुण एकाच द्रव्यात एकत्र येत नाहीत.

बहुपदरी दोरे व एक गैरसमज : अतिशय बळकट पॉलिएथिलिनाच्या तंतूंपासून विणलेले दोरे १९९० नंतर सर्वत्र पसरले. हे दोरे कड्या कापतात, अशी समजूत त्यावेळी झाली व ती पुष्कळ अंशी अद्याप टिकून आहे. पॉलिएथिलीन स्वतः अत्यंत मऊ व निसरडे असते. त्याने सिरॅमिक कापले जाणे शक्य नाही. विणलेल्या दोऱ्याच्या पदरांत मात्र वाळू व गाळाचे कण अडकून राहतात आणि दोरा बारीक असल्याने सर्व दाब अरुंद रेषेवर पडतो. म्हणजे रेशमाच्या दोऱ्याने पोलादाला चर पाडले त्याच कारणाने या दोऱ्याने जुन्या धातूच्या कड्यांना व पातळ मुलाम्यांना चर पाडले. सुस्थितीतील ॲल्युमिनियम ऑक्साइडाच्या वलयाला या दोऱ्यापासून सहसा धोका नसतो. दोऱ्यालाच धोका असतो, तो उष्णतेचा. हा तंतू सु. १५०° से. तापमानास वितळतो, तर नायलॉनाचे प्रकार २२०° ते २६५° से. दरम्यान वितळतात. सर्वांत बळकट दोरा उष्णतेच्या बाबतीत सर्वांत दुबळा ठरला. संवाहकता जास्त असलेल्या वलयांची मागणी वाढण्यामागे हे एक कारण आहे.

चौकट व वजन : कार्बन तंतूच्या काठ्या १९७३ पासून बाजारात आल्या. काठी हलकी झाल्याने कड्यांचे वजन जाणवू लागले. शेंड्याकडे वाढलेले थोडेसे वजनही काठीची कंपने सावकाश करते आणि माशाचा बारीक स्पर्श हाताला कळेनासा होतो. म्हणून चौकटीसाठी पोलादाऐवजी टिटॅनियम (घनता सु. ४·५) वापरात आले. ते खाऱ्या पाण्यात गंजत नाही. निकेल व टिटॅनियम यांच्या, वाकवूनही मूळ आकारास परत येणाऱ्या मिश्रधातूच्या तारेच्या अखंड कड्याही तयार होतात. त्यांत वेगळे वलय नसल्याने ते निखळण्याचा वा फुटण्याचा प्रश्न उद्‌भवत नाही.

निवडीची तत्त्वे : वरील इतिहासावरून निवडीचे काही नियम निघतात. (१) वलयाचे द्रव्य वाळूहून कठीण असले पाहिजे. ही अट पुरी झाल्यावर कठिनता आणखी वाढल्याने होणारा लाभ अल्प असतो. (२) वेगाने पळणारे मासे, जोराची ओढ व पॉलिएथिलिनाचा दोरा असेल, तर संवाहकतेला प्राधान्य द्यावे व सिलिकॉन कार्बाइडाची निवड करावी. तळ्यातील लहान माशांसाठी ॲल्युमिनियम ऑक्साइड पुरेसे आहे. (३) खडकाळ किनाऱ्यावर, होडीत किंवा प्रवासात काठी आपटण्याचा संभव असल्यास चिवटपणा महत्त्वाचा ठरतो. तेथे महाग व ठिसूळ वलयापेक्षा जाड ॲल्युमिनियम ऑक्साइड अथवा झिरकोनिया बरे. (४) खाऱ्या पाण्यासाठी चौकटीच्या गंजरोधकतेकडे वलयाइतकेच लक्ष द्यावे. (५) कृत्रिम माशीच्या काठीवरील दोरा जाड व प्लॅस्टिकचे वेष्टन असलेला असून तो हाताने ओढला जातो. त्यामुळे तेथे क्रोमियमाचा मुलामा दिलेली साधी सर्पाकार कडी बहुधा पुरते. (६) खर्च मर्यादित असेल, तर उत्तम द्रव्याच्या कड्या मुठीकडे व शेंड्याला बसवून मधल्या कड्या साध्या द्रव्याच्या घ्याव्यात. उत्पादक वलयांना निरनिराळी व्यापारी नावे देतात. ‘हार्डलॉय’, ‘अल्कोनाइट’ यांसारखी नावे ॲल्युमिनियम ऑक्साइडावर आधारित द्रव्यांचीच आहेत. म्हणून नावापेक्षा मूळ द्रव्य कोणते, याची चौकशी करणे हितावह ठरते.

द्रव्य कोणतेही असले, तरी निगा आवश्यक असते. समुद्रावरून परतल्यावर कड्या गोड्या पाण्याने धुवाव्यात. कापसाचा बोळा वलयाच्या आतून फिरवावा. त्याचे तंतू कोठे अडकले, तर तेथे चीर किंवा चर आहे असे समजावे व ती कडी बदलावी. सर्वांत कठीण वलयही तडकल्यावर निरुपयोगी होते, किंबहुना तडकलेले कठीण वलय झिजलेल्या मऊ वलयापेक्षा दोऱ्याला अधिक घातक असते, कारण त्याची धार बोथट होत नाही.